माडावरचा नंबर

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा माड दोन तऱ्हांनी पोट भरतो. पोय, म्हणजे फुलोऱ्याचा मिटलेला कोंब, उमलू दिली तर नारळ धरतात. उमलण्याआधीच ती घट्ट बांधली, रोज हलक्या हाताने ठोकली आणि टोकाला पातळ काप देत गेले, की काही दिवसांनी तिच्यातून गोड रस ठिबकू लागतो. टोकाशी मडके अडकवायचे, सकाळी चढून रस उतरवायचा, दुपारी पुन्हा चढून काप ताजा करायचा, संध्याकाळी तिसऱ्यांदा चढायचे. पहाटे, चुना लावलेल्या मडक्यातून उतरवला तर हा रस नीरा. उन्हे वर येईपर्यंत तसाच राहिला तर आंबून माडी. भट्टीवर चढवला तर दारू. झाड एकच, रस एकच. मधे फक्त काही तास आणि विस्तव. कायद्याने हा फरक केव्हा मानला आणि केव्हा पुसून टाकला, यावर कोकणातल्या भंडारी समाजाच्या कित्येक पिढ्यांची मिळकत ठरत आली.

भंडारी म्हणजे नुसते माडी काढणारे, असा समज खरा नाही. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर इंग्रजांच्या आरमाराला तोंड देणारा शिवाजी महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी याच समाजातला. पुढे इंग्रजांनी मुंबई वसवली तेव्हा शहराच्या रखवालीला त्यांनी भंडाऱ्यांनाच हाताशी धरले, आणि भोंगळ नावाचे लांब शिंग वाजवत शेरीफच्या पुढे चालण्याचा मान बराच काळ भोंगळे भंडाऱ्यांकडे राहिला. पण गावाकडे, वाडीत, त्यांचे रोजचे काम माडावरच होते. बहुतेक वेळा माड दुसऱ्याच्या मालकीचा असे. खोत किंवा बागायतदाराला मक्ता द्यायचा आणि रस आपण काढायचा, अशी रीत होती. जमीन नावावर नसलेल्या माणसाला अंगातली चढण्याची कला हेच भांडवल होते.

या भांडवलावर पहिला मोठा घाव १८७८ मध्ये बसला.

त्या वर्षी मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा आला. जकात, मीठ, अफू आणि अबकारी या खात्यांचे कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड यांनी त्याची अंमलबजावणी मोठ्या हिरीरीने केली. कारभाराची दिशा सरळ होती: विखुरलेल्या लहान भट्ट्या बंद करायच्या, दारू मोठ्या कारखान्यांत गाळायची, तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर कर घ्यायचा आणि विक्रीचे हक्क मक्तेदारांना द्यायचे. कायद्याच्या व्याख्येत मद्यामध्ये ताडीमाडीही आली. परवान्याशिवाय माडाला काप देणे गुन्हा ठरला. प्रत्येक झाडामागे कर बसला आणि परवाना मिळालेल्या झाडाच्या खोडावर नंबर पडू लागला. हा नंबर लहान गोष्ट नव्हती. त्याआधी कोणत्या माडाची पोय बांधायची हे भंडारी झाड पाहून ठरवी. पोय कमजोर निघाली, झाड आजारी वाटले, तर शेजारचे झाड घेई. आता ज्या खोडावर नंबर, त्याच झाडाचा रस. आणि रस मिळो न मिळो, कर ठरलेला. वादळाने पोय मोडली तरी अधिकाऱ्याच्या वहीत ते झाड उभेच असे.

सरकारची भूमिका अशी मांडली जाई की कर वाढला म्हणजे पिणे कमी होईल आणि तिजोरीही भरेल. कोकणात घडले वेगळेच. सौम्य, घरगुती, सणासुदीला आणि आजारपणातही वापरली जाणारी माडी महाग झाली, आणि कारखान्यातली कडक दारू दुकानातून गावोगाव पोहोचली. जो माल कमी अपायकारक, त्याच्याच वाटेत अडथळे अधिक: तक्रारीचे मूळ हे होते. दादाभाई नौरोजींच्या काळातले राष्ट्रीय कार्यकर्ते, मद्यपानविरोधी मिशनरी आणि माडी काढणारे भंडारी, हे एरवी एकत्र येण्यासारखे लोक नव्हेत. पण अबकारी धोरणावरची त्यांची टीका एका ठिकाणी मिळत होती: सरकारला लोकांच्या आरोग्यापेक्षा महसूल प्यारा आहे.

विरोधाची हत्यारे साधी होती. अर्ज लिहायचे, जातीच्या बैठका घ्यायच्या. सगळ्यांत विलक्षण हत्यार उत्तर कोकणात निघाले. १८८६ च्या सुमाराला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या आगरी आणि इतर गावकऱ्यांनी गावकीत बसून दारू न पिण्याच्या शपथा घेतल्या. ही चळवळ केवळ व्यसनमुक्तीची नव्हती. महागलेली, मक्तेदाराची दारू आम्ही घेणार नाही, असा तो बहिष्कार होता. निर्बंधाला विरोध म्हणून गावाने स्वतःवरच त्याहून कडक निर्बंध घालून घेतला, आणि अधिकाऱ्यांच्या नजरेत हे संयमी गावकरी महसुलाचे शत्रू ठरले. लोक दारू पीत नाहीत म्हणून काळजीत पडलेले सरकार, हे दृश्य त्या काळाबद्दल पुष्कळ सांगून जाते. ३० एप्रिल १८८९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात खासदार सॅम्युअल स्मिथ यांनी हिंदुस्थानातल्या अबकारी धोरणाविरुद्ध ठराव आणला आणि तो थोड्या मतांनी मंजूरही झाला. कोकणातली कुरकुर अशी दूरवर ऐकू गेली. खोडावरचे नंबर मात्र तिथेच राहिले.

दक्षिणेला गोव्याच्या रेंदेरांवर, म्हणजे तिथल्या माडी काढणाऱ्यांवर, हीच पाळी आली होती. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये व्यापारी तह झाला. त्यात मिठाबरोबर अबकारीची मुंबई इलाख्यातली पद्धतही गोव्यात लागू करण्याचे कबूल केले गेले. सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवरचा माड एका रात्रीत एकाच वहीत आला. गोव्यात या तहाविरुद्ध तीव्र असंतोष होता आणि १८९२ मध्ये तह संपला तेव्हा त्याची मुदत वाढवली गेली नाही. रत्नागिरीच्या भंडाऱ्यांना अशी मुदतच नव्हती.

त्यांतले पुष्कळजण मुंबईला गेले. १९११ आणि १९२१ या दोन्ही शिरगणत्यांमध्ये मुंबईत राहणाऱ्या रत्नागिरीत जन्मलेल्यांची संख्या दोन लाखांच्या वर होती. कापडगिरण्या, गोदी, पोलीस, बांधकाम अशा कामांत कोकणी माणूस शिरला. भागोजीशेठ कीर यांच्यासारखा भंडारी कुटुंबातला माणूस बांधकामाच्या धंद्यात नाव कमावून बसला आणि १९३१ मध्ये त्याने रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे केले. समाजाच्या वाटचालीचा अभिमान वाटावा असे हे उदाहरण आहे. पण माड सोडून गेलेला प्रत्येकजण भागोजीशेठ झाला नाही. बहुतेकांच्या वाट्याला चाळीतली खोली आणि पाळीचे काम आले.

विसावे शतक उजाडले तसा माडीवाला आणखी अडचणीत आला, कारण आता त्याच्यासमोर फक्त सरकार नव्हते. १९०८ मध्ये टिळकांच्या पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन झाले. १९३० च्या सत्याग्रहात गांधीजींनी गुजरातमध्ये शिंदीची झाडे तोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी मे महिन्यात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. मीठ स्वतः काढण्याचा हक्क मागणारी चळवळ झाडाचा रस स्वतः काढणाऱ्याकडे मात्र संशयाने पाहत होती. यात गांधीजींचा हेतू वाईट नव्हता. ताडगुळाचा उद्योग वाढवून या कारागिरांना दुसरे काम द्यावे, असा त्यांचा आग्रहही होता. तरीही मिठागरातला आगरी आणि माडावरचा भंडारी यांच्यावरचा अन्याय एकाच खात्यातून, एकाच प्रिचर्डच्या हाताखालून आला होता. मिठाच्या कायद्याला देशाने अन्याय म्हटले. माडाच्या कायद्याला कुणी म्हटले नाही.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. अबकारी खाते डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होते, आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. दुकानांचे पारशी मालक, माडी काढणारे, दारूबंदीची तूट भरून काढायला बसवलेल्या मालमत्ता कराने चिडलेले घरमालक, सगळ्यांनी विरोध केला. मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर १९४० मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने ही बंदी ढिली पडली. पण ती फक्त विश्रांती होती. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून मोरारजीभाई देसाई गृहमंत्री असताना सगळ्या मुंबई राज्यात संपूर्ण बंदी लागू झाली. १८७८ प्रमाणे इथेही ‘मद्य’ या एका शब्दाखाली व्हिस्की, बिअर आणि माडी यांची एकत्र मोट बांधली गेली. नीरेला तेवढी वेगळी वाट ठेवली.

या कायद्याला आव्हान देणारे नाव इतिहासात राहिले ते एफ. एन. बलसारा यांचे. व्हिस्की, ब्रँडी, अगदी ओ द कोलोन आणि औषधी मिश्रणे वापरण्याचा हक्क त्यांनी न्यायालयात मागितला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः कायम ठेवला आणि औषधे व प्रसाधनांवरच्या बंदीसह काही तरतुदी रद्द केल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला पाठ असतो. माडावरून रिकाम्या मडक्यानिशी खाली उतरलेल्या भंडाऱ्याच्या वतीने असा गाजलेला निकाल नाही. कुणाला दाद मिळते हे त्याच्या तक्रारीच्या वजनापेक्षा वकील गाठण्याच्या ऐपतीवर ठरते, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसते.

बंदीच्या वर्षांत नीरा केंद्रे निघाली, गुळाचे प्रयोग झाले. पण नीरा टिकत नाही. पहाटे उतरवून ऊन चढण्याआधी विकली पाहिजे, आणि कोकणातल्या आडवाडीत त्या वेळेला गिऱ्हाईक कुठून आणायचे? हातभट्टी मात्र रात्री चालते आणि तिचा माल नासत नाही. तेरेखोलपलीकडे पोर्तुगीज गोव्यात दारू खुली होती; सीमा ओलांडून ती येत राहिली. १९६० च्या दशकात राज्याने बंदी सैल केली, ताडीची दुकाने पुन्हा निघाली, पण आता लिलावाने. दुकान झाडापासून लांब, ठेकेदाराच्या हातात. क्लोरल हायड्रेट घातलेल्या बनावट ताडीची प्रकरणे महाराष्ट्रात वारंवार निघाली ती अशाच दुकानांतून. झाडाखाली, काढणाऱ्याच्या हातून ताजी माडी घेणाऱ्याला अशा भेसळीची भीती फारशी नसते.

दारूला विरोध करणाऱ्या बायकांची बाजूही तितकीच खरी आहे, आणि तीही वाडीवस्तीतूनच आलेली आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली ती लोकांच्या रेट्यामुळे. पुढे राज्यात गावातल्या महिलांना मतदानाने दुकान बंद करण्याचा अधिकार मिळाला. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि आडवीला निम्म्याहून जास्त मते पडली की दुकान बंद. नवऱ्याच्या पिण्याने घर उद्ध्वस्त झालेल्या बाईला माडी सौम्य असते हे सांगून उपयोग नाही. पण या पद्धतीत एक गोष्ट मोलाची आहे: निर्णय गाव घेते, आपल्या समोरच्या दुकानाबद्दल, नाव घेऊन.

अलीकडच्या ई-सिगारेटवरच्या बंदीत तसे घडले नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने ही बंदी घालणारा अध्यादेश काढायचे ठरवले आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी. साठवण सोडली तर पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शाळकरी मुलांना या उपकरणाची चटक लागू नये, ही सरकारची चिंता योग्यच होती. असोसिएशन ऑफ व्हेपर्स इंडिया ही वापरणाऱ्यांची संघटना विरोधात उभी राहिली. सिगारेट सोडून याकडे वळलेल्यांचे म्हणणे असे की जळणारी सिगारेट आणि बिडी दुकानात राजरोस मिळते, मग त्यापेक्षा कमी अपायकारक वस्तूवरच संपूर्ण बंदी का? त्यांचा दावा वैद्यकीय दृष्टीने कितपत टिकतो यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण तक्रारीचा साचा कोकणाला नवा नाही. सौम्य माल आणि जहाल माल यांचा वेगळा हिशेब करा, हेच भंडारी १८७८ पासून सांगत आले.

त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये तंबाखू कायद्यातल्या दुरुस्त्यांचा मसुदा जाहीर झाला आणि त्यावर ३१ जानेवारीपर्यंत हरकती मागवल्या गेल्या. बिडी कामगारांचे म्हणणे त्या निमित्ताने पुन्हा पुढे आले, सोलापूर-निपाणीसारख्या भागांत जिथे हजारो बायकांचे घर विड्या वळून चालते. मसुद्यावर हरकती मागवायच्या असल्या की युनियन आणि लाखो हातांचे बळ कामी येते. अध्यादेशाला ते दार नसते. भंडाऱ्यांच्या वेळी तर दारही नव्हते आणि युनियनही.

आज माडावर चढणारे हातच कमी झाले आहेत. भाट्यात १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. नारळ विकास मंडळ २०११ पासून चढण्याच्या यंत्राचे प्रशिक्षण देते, पण ते नारळ उतरवण्यासाठी. रस काढायचा तर आजही राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि नीरा कुठे संपते व माडी कुठे सुरू होते हे १९४९ च्याच कायद्यातून ठरते. फक्त त्याच्या नावातल्या ‘मुंबई’च्या जागी आता ‘महाराष्ट्र’ आहे.