प्लास्टिक कचऱ्यातून बाजाराची पिशवी : तंत्र, श्रम आणि मर्यादा

टाकून दिलेल्या प्लास्टिकपासून वर्षानुवर्षे टिकणारी बाजाराची पिशवी बनविण्याचे संघटित प्रयत्न भारतात सुमारे पाव शतकापासून सुरू आहेत. या पिशव्या मुख्यतः चार रीतींनी तयार होतात. हातमागावर विणून, उष्णतेने थर एकमेकांवर चिकटवून, क्रोशाच्या सुईने गुंफून किंवा जुन्या गोणी कापून शिवून. कारखान्यातील पुनर्प्रक्रियेत प्लास्टिक वितळवून त्याचे दाणे केले जातात आणि दाण्यांपासून नवी वस्तू ओतली जाते. वरील चारही रीतींत मात्र मूळ पिशवीचा किंवा वेष्टनाचा पापुद्रा कायम राहतो, त्याचे रंग आणि कधीकधी त्यावरची अक्षरेही ओळखू येतात.

चौथी रीत सर्वांत जुनी आहे आणि तिची नोंद सहसा कोणी घेत नाही. सिमेंट, खते, साखर आणि पशुखाद्य यांच्या पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या गोणी रिकाम्या झाल्यावर धुऊन, कापून त्यांच्या पिशव्या शिवण्याचा धंदा महाराष्ट्रातील बाजारपेठांत कोणत्याही पर्यावरणविषयक मोहिमेच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आठवडी बाजारात खताच्या कंपनीचे नाव उलटे छापलेली पिशवी घेऊन निघालेला शेतकरी हे दृश्य नवे नाही. एके काळी घरोघरी दिसणारी वायरची पिशवीही टिकाऊपणासाठी नावाजलेली होती, पण ती नव्या प्लास्टिकच्या वायरपासून विणली जाई. त्यामुळे ती या प्रकारात मोडत नाही. अलीकडे निवडणुकीनंतर किंवा उत्सवानंतर उतरविलेल्या फ्लेक्स फलकांच्याही पिशव्या शिवल्या जातात. या फलकांवर पीव्हीसीचा थर असतो, तेव्हा त्या पिशव्या जड सामानाला चालतात, खाद्यपदार्थांना नव्हे.

पातळ कॅरीबॅगचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. तो समजण्यासाठी वजनाचा हिशेब पाहावा लागतो. ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब अशी २० मायक्रॉन जाडीची पॉलिथिनची पिशवी जेमतेम साडेचार ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो माल गोळा करायला कचरावेचक स्त्रीला सव्वादोनशेच्या आसपास वेळा वाकावे लागते. त्याच मापाची १२० मायक्रॉनची पिशवी २६ ग्रॅमच्या पुढे जाते आणि किलोला ३८ पिशव्या पुरतात. भंगाराचा भाव वजनावर ठरतो, त्यामुळे पातळ पिशवी उचलणे परवडत नाही आणि ती नाल्यात, शेताच्या बांधावर किंवा गाईच्या पोटात जाते. जाडीचे नियम वारंवार कडक होत गेले, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

केंद्र सरकारच्या १९९९ च्या नियमांत नव्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगसाठी किमान जाडी २० मायक्रॉन होती. २०११ मध्ये ती ४०, तर २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत ५० मायक्रॉन झाली. ऑगस्ट २०२१ मधील दुरुस्तीने ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन अशी मर्यादा घातली. महाराष्ट्राने याहून आधी पाऊल उचलले होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि तुंबलेल्या गटारांत प्लास्टिकच्या पिशव्यांचे बोळे सापडले. त्यानंतर २००६ च्या राज्य नियमांनी ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तर बहुतेक सर्व प्लास्टिक पिशव्यांवरच बंदी आली. दुधाच्या पिशव्यांना त्यातून वगळले होते, मात्र त्यांवर किमान ५० पैसे परतावा छापण्याची अट होती. घरोघरी धुऊन वाळविलेल्या दुधाच्या पिशव्या रद्दीवाल्याला विकण्याची रीत महाराष्ट्राला आधीपासूनच ठाऊक होती. जाड, स्वच्छ आणि एकजिनसी असल्याने त्यांना भंगारात भाव मिळतो.

पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची जी संघटना उभी राहिली तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. ज्या वस्तू विकून पोट भरे त्यांची ही यादीच म्हणावी लागेल, आणि तिच्यात प्लास्टिक नाही. याच संघटनेतून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून तिचे सदस्य घरोघरचा कचरा गोळा करू लागले. आज त्यांच्या हातगाड्यांत प्लास्टिक मुबलक असते. त्यातल्या बाटल्या आणि डबे विकले जातात. बिस्किटे, वेफर आणि शाम्पूच्या पुड्या यांची चकचकीत वेष्टने मात्र मागे उरतात. त्यांत प्लास्टिकचे निरनिराळे थर आणि बहुधा ॲल्युमिनियमचा मुलामा एकत्र चिकटलेला असतो. ते थर सुटे करणे किफायतशीर नसल्याने भंगारवाला त्यांना हात लावत नाही.

हातमागाची रीत येथे उपयोगी पडते. पुण्यातील अमिता देशपांडे यांची ‘रीचरखा’ आणि नंदन भट यांची ‘इकोकारी’ हे उपक्रम चरखा व हातमाग वापरून अशा वेष्टनांपासून कापड विणतात. गुजरातमध्ये कच्छच्या कुकमा येथील ‘खमीर’ या हस्तकला संस्थेनेही प्लास्टिक विणकाम रुजविले आहे. कच्छी विणकर कुटुंबांत माग प्रायः पुरुषांच्या हाती असे आणि सुताची पूर्वतयारी स्त्रियांकडे. प्लास्टिकच्या कामात स्त्रिया स्वतः मागावर बसल्या, हा बदल कापडाइतकाच महत्त्वाचा ठरला.

काम दिसते त्यापेक्षा चिकाटीचे आहे. गोळा केलेला माल आधी साबणाच्या पाण्यात धुतला जातो. तेल, दूध किंवा मसाला राहिला तर कापडाला वास येतो आणि मुंग्या लागतात. मग तो वाळवून रंग, जाडी आणि प्रकाराप्रमाणे निवडतात. उन्हात फार वेळ ठेवणे टाळले जाते, कारण अतिनील किरणांनी पॉलिथिन ठिसूळ होते. पिशवीचे बंद आणि तळाची शिवण कापून टाकतात, उरलेल्या नळीचे आडवे काप घेतले की बोटभर रुंदीची कडी तयार होते. एक कडी दुसरीत अडकवून लांब पट्टी बनते. वेष्टने मात्र उलगडून सरळ कापावी लागतात. ही पट्टी चरख्यावर गुंडाळून कांडी भरली जाते. सूत कातणे हे चरख्याचे ख्यातकीर्त काम, पण येथे तो एक तारही कातत नाही, केवळ गुंडाळतो. कांडी धोट्यात बसते आणि प्लास्टिक बाण्यात जाते. ताण्याला बहुधा सुती किंवा पॉलिएस्टरचे दोरे असतात. पट्टी घसरडी असल्याने प्रत्येक फेऱ्यानंतर फणीने घट्ट ठोकावे लागते, नाहीतर विणीत फटी पडतात. तयार कापडाला अस्तर आणि बंद लावून पिशवी शिवली जाते. रंग द्यावा लागत नाही. निळ्या पिशव्यांच्या निळ्याच पट्ट्या उतरतात आणि वेफरच्या पुड्यांची चंदेरी आतली बाजू कापडात जरीसारखी चमकते. याच कारणाने एकाच नमुन्याच्या दोन पिशव्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत. घाऊक मागणी नोंदविणाऱ्या दुकानदाराला हे समजावून सांगणे विणण्याहून कठीण जाते.

दिल्लीत १९९८ मध्ये अनिता आणि शलभ आहुजा यांनी स्थापन केलेल्या ‘कॉन्झर्व्ह इंडिया’ने दुसरी वाट धरली. धुतलेल्या, रंगवार निवडलेल्या पिशव्यांचे थर एकावर एक रचून उष्णता व दाबाने त्यांचा जाड तक्ता केला जातो. तो कातड्यासारखा कापता आणि शिवता येतो. येथे तापमान सांभाळणे हीच कसोटी असते. कमी घनतेचे पॉलिथिन साधारण १०५ ते ११५ अंश सेल्सियसला वितळते, अधिक घनतेचे १३० अंशांच्या आसपास, तर पॉलिप्रॉपिलीनला १६० अंशांहून अधिक लागतात. निवड चुकली तर एक थर जळतो आणि दुसरा सुटाच राहतो. पीव्हीसी मिसळले गेल्यास तापविताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. समाजमाध्यमांवर घरच्या इस्त्रीने पिशव्या चिकटविण्याच्या चित्रफिती लोकप्रिय आहेत, पण बंद खोलीत तो प्रयोग करणे धोक्याचे आहे.

क्रोशाच्या रीतीला माग लागत नाही, यंत्र लागत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात इसातू सीसे यांनी १९९७ मध्ये न्जाऊ या आपल्या गावी चार-पाच स्त्रियांना बरोबर घेऊन उकिरड्यावरच्या पिशव्यांपासून बटवे आणि थैल्या विणण्यास आरंभ केला. तेथेही प्लास्टिक खाऊन शेळ्या मरत होत्या आणि साचलेल्या पाण्यात डास वाढत होते. सुरुवातीला या स्त्रियांची टवाळी झाली. पुढे विक्रीचे पैसे घरात येऊ लागले, तशी ती थांबली.

या सर्व प्रयोगांनी कचऱ्याचा डोंगर हलेल, अशी अपेक्षा मात्र अवास्तव आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माहितीनुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. एका कारागिराने दररोज पाव किलो प्लास्टिकची एक पिशवी केली आणि वर्षाचे ३०० दिवस काम केले, असे गृहीत धरले तरी वर्षाकाठी ७५ किलोच जिरतात. एक टन संपवायला तेराहून अधिक कारागीर वर्षभर राबवावे लागतील. या पिशवीची खरी किंमत म्हणूनच कचऱ्याच्या वजनात मोजून चालत नाही. ती मजुरीत आहे. धुणे, निवडणे, कापणे आणि विणणे यांचा पूर्ण दाम दिला तर पिशवी महाग होते आणि शहरातल्या भेटवस्तूंच्या दुकानात जाते, भाजीमंडईत पोहोचत नाही. स्वस्त करायची तर ज्यांच्या नावाने ती विकली जाते त्यांच्याच हातून पैसे कापावे लागतात. या क्षेत्रातील बहुतेक उपक्रम याच पेचात चालतात.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. दुधाची पिशवी किंवा स्वच्छ पॉलिथिन थेट दाण्यांच्या कारखान्यात जाऊ शकते. तेच सुती ताण्यात विणले की प्लास्टिक व कापूस यांचे मिश्रण होते आणि पिशवी फाटल्यावर तिला भंगारात कोणी घेत नाही. हातमागासाठी ज्याला अन्यत्र मागणी नाही अशी बहुपदरी वेष्टने घेणे योग्य, ते यासाठीच. घर्षणाने प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, हेही विसरता येत नाही.

पिशवी किती वेळा वापरली जाते यावर बाकीचे गणित अवलंबून आहे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी तापमानवाढीच्या निकषावर बरोबरी साधण्यासाठी सुती पिशवी १३१ वेळा, तर पॉलिप्रॉपिलीनची न विणलेली पिशवी ११ वेळा वापरावी लागते, असे आढळले. ही न विणलेली पिशवी भारतातील दुकानांत अनेकदा ‘कापडी’ म्हणून दिली जाते. प्रत्यक्षात ती प्लास्टिकच असून २०१८ च्या महाराष्ट्राच्या अधिसूचनेत तिचाही समावेश होता. केंद्राच्या २०२१ च्या दुरुस्तीने तिचे वजन दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम असावे असे ठरविले.

विणलेली पिशवी थंड पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवावी, इस्त्री करू नये. धान्य, डाळी आणि भाज्या आपापल्या वेष्टनात किंवा कापडी थैलीत घालूनच तिच्यात ठेवाव्यात. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगमधून तयार खाद्यपदार्थ व पेये देण्यास मनाई केली होती. हाताने विणलेल्या पिशवीतील वेष्टने पूर्वी कशाला गुंडाळलेली होती हे तर धुणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही.