चहा, एम्युलेटर आणि विश्वास

मोबाईल ॲप बनवणाऱ्याचा दिवस कशात जातो? कोड लिहिण्यात? छे! वाट बघण्यात.

आमच्या टीममधले एक सीनियर सांगतात, पूर्वी सकाळी आल्या आल्या एम्युलेटर सुरू करायचा आणि सरळ चहाला जायचं. परत येईपर्यंत तो उघडला तर नशीब! मला वाटायचं, थापा मारतायत. मग जरा इतिहास चाळला.

अँड्रॉइड 1.0 आलं सप्टेंबर 2008 मध्ये. तेव्हा ॲप लिहायचं ते एक्लिप्समध्ये, एडीटी प्लगइन टाकून. खरी गोम एम्युलेटरची होती. फोनचा प्रोसेसर एआरएम, आपल्या पीसीचा एक्स86. म्हणजे प्रत्येक सूचनेचं भाषांतर आलं. दुभाष्यामार्फत भांडायचं म्हटलं तर वेळ लागणारच की! 2012 च्या सुमारास अँड्रॉइडची एक्स86 इमेज आणि जोडीला इंटेलचं हॅक्सम आलं, तेव्हा कुठे दुभाष्याची सुट्टी झाली.

2013 च्या मेमध्ये गुगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला, जेटब्रेन्सच्या इंटेलिजे आयडियावर बांधलेला. पुढे एप्रिल 2016 मध्ये 2.0 सोबत 'इन्स्टंट रन' आलं. कोड बदला, ॲप पुन्हा इन्स्टॉल न करता बदल लगेच बघा. सगळे खूश! पण कधीकधी बदल दिसायचाच नाही. मग चूक आपल्या कोडची की टूलची? कळायला मार्ग नाही. बऱ्याच जणांनी ते चक्क बंद करून टाकलं.

शेवटी ऑगस्ट 2019 मध्ये, 3.5 मध्ये, त्याच्या जागी 'अप्लाय चेंजेस' आलं. बिल्ड करताना ॲपच्या कोडमध्ये ढवळाढवळ करण्याऐवजी हे अँड्रॉइड 8.0 पासून सिस्टिममध्येच असलेली सोय वापरतं. आणि एखादा बदल झेपणारा नसेल तर तसं सरळ सांगतं.

हे वाचताना मला माझं नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. अर्धा दिवस एक बग शोधत होतो. संध्याकाळी कळलं, फोनवर नवा बिल्ड मी टाकलाच नव्हता! चूक माझीच. पण त्या अर्ध्या दिवसात स्वतःच्या अकलेवरचा विश्वास उडाला होता, त्याचं काय?

म्हणून आता कुठलंही टूल घेताना 'किती मिनिटं वाचतील' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, 'समोर दिसतंय ते खरं आहे ना?'

असो. बिल्ड झालेला दिसतोय. चहा राहिलाच.