मळ की स्वभाव?

परळीच्या औष्णिक वीजकेंद्रातून निघणाऱ्या तारा मनोऱ्यांवर इन्सुलेटरच्या चकत्यांना लटकलेल्या असतात. चकतीतून वीज जात नाही. पण तिच्यावर धूळ-राख बसली आणि वरून भुरभुर पाऊस आला, की पृष्ठभागावरून थोडी वीज झिरपतेच. धुतली की थांबते. म्हणजे दोष चकतीचा नाही, मळाचा.

मंडळी, हाच प्रश्न पदार्थविज्ञानात एका स्फटिकाबाबत चाळीसेक वर्षं रेंगाळला.

स्फटिकाचं नाव सॅमॅरियम हेक्झाबोराईड. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्याचा अभ्यास झाला. थंड करत नेलं की त्याचा विद्युतरोध हजारो पटींनी वाढतो. मग तो वाढतच जायला हवा ना? पण सुमारे ४ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या, खाली तो वाढायचा थांबतो. थोडी वीज कुठून तरी जातेच! १९७९ साली जिम ॲलन, बॅटलॉग आणि वाख्टर यांनी हे बारकाईने मोजलं. भेसळ म्हणावं, तर हिशेब नीट जुळेना.

२०१० मध्ये झेरो, सुन, गॅलित्स्की आणि कोलमन यांनी वेगळी शक्यता मांडली. अशा पदार्थाचं अंग रोधक, पण पृष्ठभाग वाहक असू शकतो. आणि ही वाहकता आतल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतूनच येते, ती धुऊन जाणारी नव्हे. यालाच टोपॉलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात.

पण वीज वरूनच जाते, हे ओळखायचं कसं? मिशिगन विद्यापीठातल्या वोल्गास्ट आणि सहकाऱ्यांनी स्फटिकाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना चार-चार जोडण्या दिल्या. वीज एका बाजूने सोडायची, दाब दोन्हीकडे मोजायचा. वीज अंगातून पसरत असेल तर दोन्ही मापं एका चालीने चालतील. पृष्ठभागावरून जात असेल तर त्यांची फारकत होईल. ४ केल्विनच्या आसपास ती झाली! कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या गटाने पाचरीसारखा स्फटिक घेतला. थंडीत हॉल परिणामाचं माप जाडीवर अवलंबून राहिलंच नाही. दोन्ही निबंध २०१३ सालचे.

ही वाहकता खरंच टोपॉलॉजीमुळे आहे का, यावर पुढेही वाद झाले. पण वीज वरून जाते, हे मोजमापानं ठरलं.

मिशिगनच्या निबंधात एक नाव ओळखीचं दिसतं: जिम ॲलन. १९७९ चं कोडं, उत्तर ३४ वर्षांनी! न जुळणाऱ्या आकड्याला आपण चटकन मळ म्हणतो. तो नीट नोंदून ठेवला होता, म्हणूनच पुढच्यांना त्याच्याकडे परत जाता आलं.