२७ नोव्हेंबर १९८९ : शीवची मातृदुग्धपेढी

धारावीलगतच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात या दिवशी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांची ही कामगिरी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वरचं दूध पाजलं की जंतुसंसर्गाची भीती. आईला पान्हा फुटलेला नसला तर करायचं काय? ज्या बाळंतिणींना दूध जास्त येई, त्यांचं दान घ्यायचं, ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक करायचं, गोठवून ठेवायचं. आणि हे घडलं ते गर्दीने ओसंडणाऱ्या पालिका रुग्णालयात, पंचतारांकित इस्पितळात नव्हे! पुढे डॉ. फर्नांडिस तिथल्याच अधिष्ठाता झाल्या. १९९९ मध्ये त्यांनी वस्त्यांमधल्या माता-बालकांसाठी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापली.