गाणे न येणाऱ्या शिक्षकांसाठी संगीताचा तास

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक-दोनदा 'कला' किंवा 'संगीत' असा रकाना असतो. त्या तासाचे प्रत्यक्षात काय होते, हे पालकांना सहसा ठाऊक नसते. चाचणी परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. स्नेहसंमेलन जवळ आले की निवडक दहा-बारा मुलांच्या तालमीला जातो. उरलेली मुले वर्गात बसून वह्या पूर्ण करतात. त्यातल्याच एखाद्याला कधीतरी 'तू नुसते ओठ हलव' असे सांगितले जाते. हे वाक्य वाट्याला आलेली मुले मोठेपणीही 'आपल्याला गाण्यातले काही कळत नाही' असे पुष्कळदा सांगताना आढळतात.

याचा सारा दोष शिक्षकांवर टाकणे योग्य नव्हे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने संगीत, नृत्य, नाट्य व दृश्यकला यांना शालेय विषयांचा दर्जा द्यावा, असे सुचवले. मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही शंभरहून अधिक पटसंख्या असलेल्या शाळांसाठी. पहिली ते पाचवीचा संगीताचा तास त्यामुळे बहुधा वर्गशिक्षकांच्याच गळ्यात पडतो. पेटी वाजवता येत नाही, गाणे शिकलेले नाही, समोर चाळीस मुले आणि हाती पस्तीस मिनिटे, अशी ही स्थिती असते. एवढ्या भांडवलावरही बरेच काही करता येते.

आधी पट्टी, मग गाणे

सकाळच्या परिपाठापासूनच सुरुवात करावी. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात हे सर्वांना पाठ असते. ते कोणत्या स्वरात सुरू करायचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते. पुढे उभा असलेला विद्यार्थी सुचेल त्या स्वरात आरंभ करतो. राष्ट्रगीताची चाल साधारण एका सप्तकात फिरते आणि शेवटाकडे वर चढते. आरंभच उंच झाला तर शेवटी मुलांना ओरडावे लागते. फार खाली झाला तर पहिल्या ओळी पुटपुटल्या जातात.

सात-आठ वर्षांच्या मुलांचा सहज गाता येणारा आवाज साधारणतः हार्मोनियमच्या मधल्या सप्तकात पांढरी एकपासून पांढरी सहापर्यंत पोहोचतो. सरावाने तो दोन्ही बाजूंनी वाढतो, पण आरंभी एवढाच धरून चालावे. पांढरी एकला षड्ज मानला तर सा ते ध एवढ्या स्वरांतली गाणी मुलांच्या आवाक्यात येतात. शास्त्रीय गायन शिकलेल्या शिक्षिका पुष्कळदा स्वतःच्या सवयीच्या काळी चार किंवा पाचमध्ये गातात. तिथला षड्ज लहान मुलांना खोल जातो. पुरुष शिक्षकांची अडचण वेगळी. त्यांचा आवाज मुलांच्या आवाजाच्या एक सप्तक खाली असतो आणि काही मुले त्या खर्जाचीच नक्कल करायला जाऊन गोंधळतात. अशा वेळी वर्गातल्या नीट गाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ओळ म्हणायला सांगून बाकीच्यांनी तिच्यामागून म्हणावी.

पेटी नसेल तर अडत नाही. मोबाइलवर तानपुऱ्याची अॅप विनामूल्य मिळतात. वर्ग सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटे तो स्वर नुसता वाजू द्यावा. तयार ध्वनिमुद्रित गाणे स्पीकरवर लावून त्यासोबत मुलांना गायला लावणे सोपे वाटते, परंतु त्यात मुले स्वतःचा आवाज ऐकतच नाहीत. स्पीकरशी स्पर्धा करतात. ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी ठेवावे, गाण्यासाठी बंद करावे.

दोन स्वरांची हाक

आपल्याकडे गायनाची शिकवणी षड्ज लावण्यापासून आणि अलंकारांपासून सुरू होते. गुरूसमोर एकटे बसलेल्या विद्यार्थ्यासाठी ही रीत उत्तम आहे. चाळीस मुलांच्या वर्गात मात्र 'सा रे ग म' चा पाठ लवकरच पाढ्यांसारखा एकसुरी होतो. हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोदाय (१८८२-१९६७) यांच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या पद्धतीत लहान मुलांना आधी दोनच स्वर दिले जातात. आपल्या भाषेत सांगायचे तर ते प आणि ग. मैदानाच्या पलीकडे असलेल्या मित्राला मुले लांबवून हाक मारतात, तेव्हा बऱ्याचदा अशीच वरून खाली येणारी स्वरांची जोडी निघते.

म्हणून पहिला महिनाभर हजेरीच या दोन स्वरांत घ्यावी. शिक्षकांनी नाव गाऊन हाक मारायची, मुलाने त्याच स्वरांत 'आले' किंवा 'आलो' म्हणायचे. प ला हात खांद्याजवळ, ग ला छातीजवळ. स्वराची उंची डोळ्यांना दिसली की ती गळ्याला लवकर सापडते. मग ध मिळवावा, त्यानंतर सा आणि रे. हे पाच स्वर एकत्र आले की भूप रागाचे स्वर तयार होतात! मुलांना त्या वेळी 'राग' हा शब्द सांगितला नाही तरी चालेल. पुढे कधी भूपातील बंदिश कानावर पडली, तर ती त्यांना ओळखीची वाटेल.

कोदाय यांचा दुसरा आग्रह होता तो मुलांच्या मातृभाषेतील लोकगीतांचा. या बाबतीत मराठी शिक्षकाला उसनवारी करण्याची मुळीच गरज नाही. भोंडल्याची गाणी मोजक्या स्वरांत फिरतात, ओळी पुन्हा पुन्हा येतात, एकेक कडी वाढत जाते आणि फेर धरल्यामुळे पावलांना आपोआप ठेका सापडतो. संगीतशिक्षणाची पाठ्यपुस्तके ज्या गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत सांगतात, त्या येथे एकत्र मिळतात. ही गाणी केवळ मुलींची, हा समज मात्र शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावा. पंजाबी, गुजराती किंवा हिंदी भाषक मुले वर्गात असतील तर त्यांच्या घरची एखादी अंगाई किंवा सणाचे गाणेही अवश्य मागवावे.

'बेसूर' मुलाचे काय?

संगीताच्या तासाची खरी कसोटी येथे लागते. जन्मतःच स्वरांमधील फरक ओळखता न येणारी माणसे असतात, पण ती फार थोडी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हे प्रमाण सुमारे दीड टक्का आढळले. म्हणजे चाळीसच्या वर्गात असे मूल असलेच तर एखादे. बाकी ज्यांना 'बेसूर' म्हटले जाते, त्यांतील बहुतेकांना ऐकू नीट येत असते. गळ्याला तो स्वर कुठे आहे हे अजून सापडलेले नसते. काही मुले तर बोलण्याच्याच आवाजात गातात, कारण गाण्याचा आवाज वेगळा असतो हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

उपाय साधे आहेत. प्रथम रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा आवाज खालून वर, वरून खाली सरकवायला लावावा. फळ्यावर डोंगर-दऱ्यांची रेघ काढून तिच्यावरून बोट फिरवायचे आणि मुलांनी आवाजाने ती रेघ गायची, हा खेळ दुसरीपर्यंतची मुले कितीही वेळ खेळतात. त्यानंतरची पायरी अधिक महत्त्वाची. मुलाने शिक्षकांच्या स्वरात यावे, अशी अपेक्षा धरण्याआधी शिक्षकांनीच मुलाच्या स्वरात जावे. ते ज्या स्वरावर थांबले आहे, तोच स्वर त्याच्याबरोबर गावा. दोन आवाज एक झाल्याचे त्याला एकदा जाणवले की तेथून अर्धा-एक स्वर वर नेता येते. हे काम चारचौघांत न करता खेळाच्या ओघात, तीन-चार मुलांच्या गटात करावे. सुरेल गाणाऱ्या दोन मुलांच्या मध्ये अशा मुलाला उभे केल्यास निम्मे काम होते. त्याला मागच्या रांगेत नेऊ नये. तेथे त्याला ऐकायला मिळतो तो भिंतीवरून परतलेला गलका.

टोमॅटो, बटाटा आणि दादरा

तालाच्या बाबतीत शिक्षकांना भीती कमी वाटते, आणि ते योग्यच आहे. तबला नसला तरी बोल असतात. दादरा सहा मात्रांचा: तीन-तीन मात्रांचे दोन विभाग, पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर खाली. 'टोमॅटो बटाटा' असे सलग म्हणत राहावे; 'टो' वर टाळी, 'ब' वर हात उलटा करून खाली दाखवावी. दादरा तयार झाला. केरवा आठ मात्रांचा, चार-चारचे दोन विभाग. 'भेंडी गवार, वांगी मटार' ही जोडी त्यात नेमकी बसते. टाळी 'भें' वर, खाली 'वां' वर. भाज्या संपल्या की मुले स्वतःच फळे, गावे, मित्रांची नावे शोधू लागतात आणि कोणते नाव कोणत्या तालात बसत नाही यावर वाद घालतात. तो वाद होऊ द्यावा.

पुढे वर्गाचे दोन भाग करून एकाने बोल म्हणावेत, दुसऱ्याने गाणे. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५-१९८२) यांनी टाळ्या, चुटक्या, मांडीवर थाप आणि पाय आपटणे या चार गोष्टींना वाद्यांचेच स्थान दिले होते. आपल्याकडे त्यांच्या जोडीला टिपऱ्या, टाळ, लेझीम आणि नारळाच्या करवंट्या आहेत. बाटलीत मूठभर तांदूळ घातले की खुळखुळा होतो. शेजारच्या वर्गाची तक्रार येणार, हे गृहीत धरून हा तास मधल्या सुट्टीला लागून ठेवणे शहाणपणाचे.

पाण्याचा एक प्रयोग विज्ञानाच्या शिक्षकांनाही आवडेल. चिनी मातीच्या वाडग्यावर काठीने हलकेच वाजवावे. पाणी वाढवत गेले की स्वर खाली उतरतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी. तेथे पाणी वाढले की स्वर चढतो. पहिल्यात वाडग्याची कंपने पाण्याच्या भाराने मंदावतात. दुसऱ्यात कंप पावणाऱ्या हवेचा स्तंभ आखूड होतो. उत्तर आधी न सांगता चौथीच्या मुलांना आठवडाभर विचार करू द्यावा.

ऐकण्याची सवय

गाणे-वाजवणे यांपेक्षा ऐकण्याला तासात कमी जागा मिळते. भोंडल्यात डबा हलवून आतली खिरापत ओळखायची प्रथा आहे. तोच खेळ वर्गात चणे, रवा, गोळ्या, बटणे घालून खेळता येतो. डोळे मिटून एक मिनिट बसावे आणि ऐकू आलेले आवाज सांगावेत. शहरातल्या शाळेत रिक्षा, कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची हाक अशी यादी सहज दहापर्यंत जाते. मग सनई, बासरी, पेटी, तबला यांचे एकेक मिनिटाचे तुकडे ऐकवून वाद्य ओळखायला सांगावे. पूर्ण राग ऐकवण्याचा उत्साह आवरावा.

स्वरलेखन तिसरीच्या आधी नको. सुरुवातीला वर-खाली टिंबे पुरतात. चौथीत भातखंडे पद्धतीची चिन्हे द्यावीत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापल्यानंतर स्वरलिपीसह क्रमिक पुस्तके छापली, त्यांत 'संगीत बालप्रकाश' हे बालवाचकांसाठी होते. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरीसाठी काढलेल्या 'बांसुरी' या कलाशिक्षणाच्या पुस्तकातही संगीताचा भाग आहे.

नोंदी आणि संमेलन

वर्णनात्मक नोंदींमध्ये 'गायनात रुची नाही' हे वाक्य छापील असल्याप्रमाणे वापरले जाते. त्याऐवजी जे दिसले ते लिहावे: 'हजेरीच्या वेळी प आणि ग बरोबर लावते', 'दादऱ्याची खाली चुकवत नाही', 'सहा वाद्यांपैकी चार आवाजावरून ओळखतो'. अशी नोंद वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना कुठून सुरुवात करायची ते कळते.

स्नेहसंमेलनात निवडक मुलांचे गाणे असायला हरकत नाही. पण एक गाणे तरी संपूर्ण वर्गाचे असावे, पाच-सहा स्वरांचे आणि पांढरी एकच्या आसपासचे. ते जूनमध्येच निवडून ठेवले तर डिसेंबरपर्यंत तालमीसाठी वेगळे तास काढावे लागत नाहीत.