पीतज्वराचा दाखला

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली. तेंच पुढें औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. हा पुरुष जन्मानें हबसाणांतला. आज त्याच हबसाणांतून, म्हणजे इथिओपियांतून, कोणी वेरूळ-अजिंठा पाहावयास निघाला, तर भारतांत उतरतांना त्याजकडे पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला मागतात. टोचून दहा दिवस लोटल्यावांचून तो ग्राह्य होत नाहीं. आणि दाखला नसेल, तर सहा दिवसांपर्यंत अलग राहावें लागतें.

पुष्कळ प्रवाशांस हा जाच वाटतो. स्वतः धडधाकट असतां ही टोचणी कशाला, असें म्हणून ते दाखल्याकडे जकातीच्या पावतीप्रमाणें पाहतात. त्यांची शंका अगदींच पोकळ नाहीं. हा रोग भारतांत कधीं फैलावलेला नाहीं. मग नसलेल्या रोगाची एवढी धास्ती कां?

तिचें उत्तर इतिहासांत आहे. डांस हा या रोगाचा वाहक, असा तर्क हवाना येथील कार्लोस फिनले यांनीं १८८१ सालीं मांडला, व १९०० सालीं वॉल्टर रीड यांच्या मंडळानें तो खरा ठरविला. १९१४ सालीं पनामाचा कालवा खुला झाला, तेव्हां पूर्वेकडील आरोग्याधिकाऱ्यांस चिंता पडली कीं, जहाजांतून रोग आलाच, तर त्याचा वाहक येथें तयार बसलेला आहे! विमानांनीं तर आठवड्यांचा प्रवास तासांवर आणला. सुदैवानें १९३७ सालीं मॅक्स थेलर यांची लस सिद्ध झाली, आणि पहाऱ्यास साधन मिळालें.

मलिक अंबरानें नहर बांधून या शहरास वाहतें पाणी दिलें. अलीकडे मात्र नळाचें पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानें मिळत आल्यानें घरोघर टांक्या व पिंपें भरून ठेवण्याची रीत पडली. अशाच सांठवलेल्या पाण्यांत डेंग्यूचा डांस वाढतो, आणि पीतज्वराचा डांस तो हाच! २०१६ सालीं अंगोलाहून चीनमध्यें गेलेल्या ११ जणांस हा ज्वर आढळला. आशियांतील ही पहिलीच नोंद. साथ तेथें पसरली नाहीं, हें भाग्यच.

त्याच वर्षापासून एकदां घेतलेल्या लसीचा दाखला जन्मभर चालतो. प्रवासी ती स्वतःसाठीं घेतो हें खरें. परंतु दाखला मागण्याचा अधिकार त्या टांक्या भरणाऱ्या घरांचा आहे. पाहुण्यानें पाय धुऊन घरांत यावें, ही आपली जुनी रीत. तींत कोणी अपमान मानला नाहीं.