लेहची बाजारपेठ व जुने शहर

लेह हे लडाख ह्या केंद्रशासित प्रदेशातील प्रमुख शहर सिंधू नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. काश्मीर, तिबेट व यारकंद यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गांवरील ठाणे म्हणून येथील बाजारपेठ वाढली. चांगथांग पठारावरील पश्मीना लोकर येथूनच काश्मीरला जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यात चीनलगतची सीमा बंद झाल्याने यारकंदचा व्यापार थांबला. १९७४ साली लडाख पर्यटकांसाठी खुला झाल्यावर बाजारपेठेला नवा आधार मिळाला.

मुख्य बाजारात आसपासच्या गावांतील स्त्रिया पदपथावर बसून भाजीपाला व जर्दाळू विकतात. बाजाराच्या एका टोकाला सतराव्या शतकातील जामा मशीद आहे. तिच्या मागील अरुंद गल्ल्या जुन्या शहरातून नऊमजली लेह राजवाड्याकडे चढतात. हा राजवाडा राजा सेंगे नामग्याल याच्या काळात बांधला गेला. त्याच्याही वर नामग्याल त्सेमो गोंपा आहे. विरळ हवेमुळे नवागतांनी ही चढण चढण्यापूर्वी एक-दोन दिवस विश्रांती घेणे आवश्यक असते.

जुनी घरे दगड, लाकूड व कच्च्या विटांची असून त्यांची छपरे सपाट व मातीची आहेत. वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पर्जन्य असल्याने ती टिकली. मात्र मुसळधार पाऊस त्यांना सोसत नाही. ऑगस्ट २०१० मधील ढगफुटीने लेह परिसरात मोठी जीवितहानी झाली. त्याआधीच, २००८ साली, जागतिक स्मारक निधीने जुन्या लेहचा समावेश जगातील धोक्यात आलेल्या १०० स्थळांच्या यादीत केला होता.